लोकारोग्याचा पेशा : कुलाब्याच्या किनाऱ्यावरील एक जुनी हकीकत

घरांतील मुलगा डॉक्टर झाला म्हणजे गांवांत पेढे वांटले जातात. मुलगी वकील झाली म्हणजे दारावर पाटी लागते. परंतु मुलानें किंवा मुलीनें 'सार्वजनिक आरोग्य' या विषयाची पदवी घेतली असें कोणी सांगितलें, तर शेजारीपाजारी प्रथम विचारतात, 'म्हणजे डॉक्टरच ना?' आणि 'नव्हे' असें उत्तर मिळालें कीं लगेच दुसरा प्रश्न येतो, 'मग नोकरी कोठें लागणार?' अलिबाग, पेण, उरण, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या पुष्कळ घरांतून हा प्रश्न आज विचारला जात आहे. प्रश्न पोटाचा आहे, म्हणून तो क्षुल्लक मानतां येत नाहीं. परंतु तो नवाहि नाहीं. या किनाऱ्यावर लोकांचे आजार बरे करणारे वैद्य जसे पूर्वींपासून होते, तसे आजार येऊंच नयेत म्हणून राबणारेहि दोन शतकांपासून आहेत. त्यांना काय पगार मिळाला, कोणता मान मिळाला, आणि काम तडीस गेल्यावर त्यांचें काय झालें, याची हकीकत पाहिली म्हणजे आजच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें हातीं लागतें.

ज्या जिल्ह्यास आज रायगड म्हणतात, त्याचें नांव १९८१ पर्यंत कुलाबा असें होतें. मुंबईसमोर खाडीपलीकडे उरण, आणि तेथून दक्षिणेस रेवस, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन अशी ही पट्टी बाणकोटच्या खाडीपर्यंत जाते. मुंबई जवळ, म्हणून मुंबईचें जें बरें-वाईट असेल तें येथें लवकर येतें. नवी लस आली तीहि मुंबईहून, आणि प्लेग आला तोहि मुंबईहूनच.

या पेशाचा आरंभ देवीच्या रोगापासून झाला. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी झालेलें हें पहिलें लसीकरण होय. ही लस बगदाद व बसरा या मार्गानें आली होती. त्या काळीं लस बाटलींत फार दिवस टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडांतील लस काढून ती दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोंचावी लागे. म्हणजे लस जिवंत ठेवावयाची, तर माणसांची सांखळी कोठेंहि तुटूं देतां कामा नये. ही सांखळी सांभाळण्यासाठीं गांवोगांव हिंडणारा माणूस हवा होता. औषध देणारा वैद्य एका जागीं बसूं शकतो. लस टोंचणाऱ्यास बसतां येत नाहीं. १८२७ मध्यें मुंबई इलाख्यांत एक पद्धत घालून देण्यांत आली. इलाख्याचे विभाग पाडले, प्रत्येक विभागावर एक युरोपियन अधीक्षक नेमला, आणि त्याच्या हाताखालीं फिरते टोंचणारे दिले. पुढें ही रीत 'मुंबई पद्धत' या नांवानें इतर प्रांतांतहि ओळखली जाऊं लागली.

कुलाब्याच्या किनाऱ्यावर या माणसाचें काम सोपें नव्हतें. धरमतरची खाडी, रेवदंड्याची खाडी, राजपुरीची खाडी, बाणकोटची खाडी, अशा खाड्यांनीं ही पट्टी ठिकठिकाणीं चिरलेली आहे. समोर दिसणाऱ्या गांवीं जावयाचें तरी होडी आणि भरती यांची वाट पाहावी लागे. पावसाळ्यांत टोंचणीचें काम चालत नसे. थंडीचे महिने हाच त्याचा हंगाम. आणि वाटेपेक्षां मोठी अडचण लोकांच्या मनांत होती. देवी हा रोग नसून देवीची कृपा किंवा कोप आहे, अशी श्रद्धा होती. रोगी असलेल्या घरांत कडक सोंवळें पाळलें जाई. अशा घरापुढें सुई घेऊन उभें राहणें म्हणजे देवतेच्या आणि माणसाच्या मध्यें उभें राहणें होतें. आपल्या भाषेंत 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला आणि 'देवी काढल्या' म्हणजे लस टोंचली, असे दोन्ही प्रयोग एकाच शब्दावर झाले आहेत. लस टोंचणाऱ्यास लोक 'देवी-डॉक्टर' म्हणूं लागले. ज्या शब्दाची लोकांना धास्ती होती, तोच शब्द त्याच्या धंद्यास चिकटला.

हा देवी-डॉक्टर खरोखर डॉक्टर नव्हता. त्यास थोडेंफार लिहितां-वाचतां येई, टोंचण्याची कला येई, आणि कोणास टोंचलें, कोणास फोड आले, कोणास आले नाहींत याची नोंद ठेवतां येई. त्याची बढती झाली तरी ती ठराविक पायरीपर्यंतच. पुढें वासरावर तयार केलेली लस प्रचारांत आली. १८७७ मध्यें मुंबई शहरापुरता आणि १८९२ मध्यें इलाख्यांतील जिल्ह्यांसाठीं लसीकरणाचा कायदा झाला. कायद्यानें त्याच्या हातीं अधिकार आला, पण त्याबरोबर लोकांचा रागहि त्याच्याच वाट्यास आला. ज्या मुलांना देवी आल्या नाहींत, त्यांच्या आईबापांना आपलें मूल वांचलें हें कधीं कळलेंच नाहीं. मग आभार तरी कोणाचे मानावयाचे? या पेशाचें मूळ दुःख येथेंच आहे, आणि तें पुढें प्रत्येक काळांत नव्या रूपानें दिसून येतें.

१८५७ च्या बंडानंतर सरकारचें लक्ष आरोग्याकडे वळलें, तें मुख्यतः गोऱ्या फौजेच्या काळजीमुळें. १८५९ मध्यें नेमलेल्या राजकीय आयोगानें १८६३ मध्यें आपला अहवाल दिला, आणि १८६४ मध्यें बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांत आरोग्यविषयक आयोग नेमण्यांत आले. त्यांतूनच पुढें 'सॅनिटरी कमिशनर' हें पद निर्माण झालें. जन्म-मृत्यूची नोंद, लसीकरण, पाण्याची व गटारांची तपासणी हीं कामें या खात्याकडे आलीं. खात्याची रचना पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. माथ्यावर वैद्यकीय सेवेंतील युरोपियन अधिकारी. पायथ्याशीं देशी टोंचणारे व गांवकामगार. आणि मधल्या पायऱ्या फारच थोड्या. शिकलेल्या देशी तरुणाला या शिडीनें चढावयाचें, तर पाय ठेवावयास जागाच नव्हती. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें निघालें होतें. पण तेथून बाहेर पडणाऱ्या हुशार विद्यार्थ्यास खाजगी धंद्यांत जो पैसा व जी प्रतिष्ठा मिळे, ती आरोग्यखात्याच्या फिरतीच्या कामांत मिळणें शक्य नव्हतें.

मग १८९६ चा प्लेग आला. त्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मुंबईंतील मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणें मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती; त्यांतील जवळजवळ निम्मे लोक पुढील कांहीं महिन्यांत शहर सोडून गेले. कोंकणचा गिरणी-कामगार दुसरीकडे कोठें जाणार? तो आगबोटीनें व गलबतानें आपल्या गांवाकडे निघाला. उरण, पनवेल, रेवस, धरमतर हीं आजवर माणसांना मुंबईस नेणारीं बंदरें होतीं. आतां तीच माणसें भयभीत होऊन तेथें उतरूं लागलीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. प्रवाशांची तपासणी, संशयितांस वेगळें ठेवणें, घरें धुऊन काढणें हीं कामें सुरू झालीं, आणि त्यासाठीं माणसें भराभर नेमलीं गेलीं. साथीच्या धांदलींत नोकऱ्या निघाल्या, तशाच साथ ओसरल्यावर त्या बुजल्याहि. 'साथ आली कीं भरती, साथ गेली कीं ओहोटी' असें या नोकऱ्यांचें वर्णन करतां येईल. किनाऱ्यावरील लोकांस भरती-ओहोटीचें गणित कोणी शिकवावयास नको. पण पोटाचें गणित त्यावर बसवणें कठीण असतें.

त्याच वेळीं मुंबईंत वाल्डेमार हाफकिन या रशियांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर तिचा अनुभव घेण्यांत आला. १८९९ मध्यें परळ येथील जुन्या गव्हर्मेंट हाउसांत त्याची प्रयोगशाळा स्थिर झाली, आणि १९२५ मध्यें तिला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हें नांव देण्यांत आलें. परंतु या माणसाच्या नोकरीची कथा पेशाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं एका बाटलींतील लस टोंचलेल्या १९ लोकांना धनुर्वात होऊन ते मरण पावले. दोषाचें खापर हाफकिनवर फुटलें व त्यास कामावरून दूर करण्यांत आलें. बाटली उघडतांना झालेल्या दूषणामुळें हा अपघात घडला असावा, असें पुढें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. रोनाल्ड रॉस यांनीं त्याची बाजू जाहीरपणें मांडली, आणि १९०७ मध्यें त्याच्यावरील ठपका दूर झाला. त्यास कलकत्त्यास पुन्हां काम मिळालें, पण पूर्वींची जागा व पूर्वींचें काम मिळालें नाहीं. तो १९३० मध्यें स्वित्झर्लंडांत वारला. लाखो लोक वांचले ते मोजले गेले नाहींत. एकोणीस दगावले ते मोजले गेले. ते मोजले गेले हें योग्यच झालें. पण आरोग्यसेवकाच्या कामाचा हिशेब नेहमीं अशा एकाच बाजूनें मांडला जातो, हें विसरून चालत नाहीं.

विसाव्या शतकांत मधल्या पायऱ्या हळूहळू बसूं लागल्या. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें आरोग्यखातें प्रांतांकडे व लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलें. नगरपालिकांना शिकलेले आरोग्य-निरीक्षक हवे होते. कुलाबा जिल्ह्यांतहि जुन्या नगरपालिका होत्या, आणि पनवेलची तर १८५२ इतकी जुनी. १९२६ मध्यें मुंबईंत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कारभाराचें शिक्षण देणारी संस्था निघाली. आरोग्य-निरीक्षकाची पदविका ही तिच्या कामाची मोठी शाखा ठरली. मॅट्रिक झालेल्या मुलाला ही एक सरळ वाट मिळाली. बाजारांतील मटण-मासळी पाहणें, दुधांत पाणी आहे कीं नाहीं तें पाहणें, विहिरींत औषध टाकणें, कचऱ्याच्या गाड्या वेळेवर निघतात कीं नाहीं हें पाहणें, असें हें काम होतें. पगार बेताचा असला तरी जागा कायम असे आणि म्हातारपणीं आधार असे. ज्यांनीं डॉक्टरीची पदवी घेतली होती त्यांच्यासाठीं १९३२ मध्यें कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्य व लोकस्वास्थ्य संस्था उघडली, आणि सार्वजनिक आरोग्याचा पदविकाधर अधिकारी ही नवी जात तयार होऊं लागली.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे भोर समितीचा अहवाल. सर जोसेफ भोर हे पुण्याच्या बिशप्स हायस्कुलांत व डेक्कन कॉलेजांत शिकलेले सनदी अधिकारी. १९४३ मध्यें त्यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली व १९४६ मध्यें तिचा अहवाल आला. त्या वेळीं ब्रिटिश हिंदुस्थानची वस्ती तीस कोटींच्या घरांत होती, आणि तीस कोटी लोकांमागें घरोघर जाऊन माता व बालकें यांची पाहणी करणाऱ्या शिक्षित आरोग्य-परिचारिका होत्या अवघ्या ७५० च्या सुमारास. माणसाचें सरासरी आयुष्य होतें सत्तावीस वर्षांच्या आसपास. अहवालाचें म्हणणें थोडक्यांत असें होतें, कीं रोग बरा करणें आणि रोग टाळणें हीं दोन कामें एकाच छपराखालीं आणावीं. तूर्त चाळीस हजार वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें. आणि प्रत्येक डॉक्टराच्या शिक्षणांत लोकारोग्याचा अभ्यास असावा, म्हणजे तो समाजाचा डॉक्टर होईल. योजना उत्तम होती. परंतु तिच्यांत पुढच्या एका अडचणीचें बीजहि होतें. प्रत्येक डॉक्टर हा लोकारोग्याचा जाणकार होणार, असें एकदां धरलें, म्हणजे लोकारोग्याचा स्वतंत्र जाणकार हवा कशाला, असा प्रश्न खात्यांना पडणारच.

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून समूह-विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रें निघूं लागलीं. १९५३ मध्यें हिंवताप-नियंत्रणाची आणि १९५८ मध्यें हिंवताप-निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. कोंकणच्या डोंगरपायथ्याच्या गांवांना हिंवताप नवा नव्हता. भाताची लावणी आणि थंडीताप हीं दोन्ही एकाच हंगामांत येत. आतां पाठीवर पंप घेऊन भिंतींवर डी. डी. टी. फवारणारे, आणि कांचपट्टीवर बोटांतील रक्ताचा थेंब घेणारे कर्मचारी दारोदार दिसूं लागले. 'मलेरियावाले आले' हे शब्द घरोघरीं परिचयाचे झाले. घराच्या भिंतीवर तारीख टाकून केलेली त्यांची खूण हीच त्यांच्या हजेरीची साक्ष असे.

या कामाचें फळ विस्मयकारक होतें. १९४७ मध्यें देशांत हिंवतापाचे सुमारे साडेसात कोटी रोगी व आठ लाख मृत्यू होत असत. १९६५ मध्यें रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. रोग संपला असें मानून लक्ष कमी झालें, पैसा कमी झाला, देखरेख सैल पडली. डासांना डी. डी. टी. ची संवय झाली, हेंहि एक कारण होतेंच. परिणाम असा, कीं १९७६ मध्यें रोग्यांची संख्या पुन्हां ६४ लाखांवर गेली. पहारेकऱ्यामुळें चोरी होत नाहीं, तेव्हां 'चोर नाहींत, मग पहारा कशाला' असें म्हणून पहारेकऱ्यास रजा द्यावी आणि मग चोर यावेत, तसें हें झालें.

देवीच्या बाबतींत मात्र काम शेवटास गेलें. हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यांत आढळला. १९७७ मध्यें आंतरराष्ट्रीय आयोगानें देश देवीमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें, आणि १९८० मध्यें साऱ्या जगांतून हा रोग गेल्याचें जाहीर झालें. दंडावर दोन वाटोळे वण हे एका पिढीचें ओळखपत्रच होतें. पुढच्या पिढीच्या दंडावर ते उरले नाहींत. आणि ज्याच्या हातानें ते वण उमटले त्या देवी-डॉक्टराचा पेशाहि १८०२ पासून जवळजवळ पावणेदोनशें वर्षें चालून संपला. ज्या धंद्याचें ध्येयच स्वतःची गरज संपविणें हें आहे, असे धंदे जगांत थोडे. वकील भांडणें संपवून टाकीत नाहीं, सावकार कर्जें संपवून टाकीत नाहीं. आरोग्यसेवक मात्र रोग संपवितो आणि त्याबरोबर आपली जागाहि संपवितो. सुदैवानें १९७३ मध्यें कर्तारसिंग समितीनें एक शहाणपणाची सूचना केली होती. देवीचा वेगळा, हिंवतापाचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा असे एक-एका कामाचे सेवक ठेवण्याऐवजीं सर्व कामें जाणणारा 'बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी' असावा, अशी ती सूचना. तिच्यामुळें सुई टाकलेल्या हातांना दुसरें काम मिळण्याची सोय झाली. पुढें कुष्ठरोगाचें प्रमाण २००५ मध्यें राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाच्या खालीं आल्याचें जाहीर झालें, तेव्हां कुष्ठरोगाचें स्वतंत्र कामहि असेंच सर्वसाधारण आरोग्यसेवेंत मिसळून गेलें.

याच काळांत या किनाऱ्यावर दोन प्रयोग झाले. ते या पेशाच्या इतिहासांत विशेष लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला मांडव्याचा. डॉ. नोशीर अंतिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांतील नामांकित शल्यविशारद; कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करणें हें त्यांच्या आवडीचें काम. १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं अलिबाग तालुक्यांतील मांडवा भागांत एक साधा प्रश्न विचारून काम सुरू केलें : रोजच्या दुखण्यांसाठीं आणि रोग टाळण्यासाठीं लागणारें बहुतेक ज्ञान गांवांतीलच अल्पशिक्षित स्त्रियांना देतां येईल कीं नाहीं? गांवांनीं अशा स्त्रिया निवडल्या. त्यांना थोडें शिक्षण व लहानसें मानधन मिळालें. गरोदर बाईवर लक्ष ठेवणें, पोरांचा जुलाब आटोक्यांत आणणें, क्षय व कुष्ठरोग लवकर ओळखणें अशीं कामें त्या करूं लागल्या आणि उत्तम करूं लागल्या. तरीहि दहाएक वर्षांनीं हा प्रयोग आवरता घ्यावा लागला. गांवांतील बाई आपल्या बळावर उभी राहते, हें गांवच्या सत्तेस रुचलें नाहीं. आरोग्याचें काम हें केवळ औषधाचें काम नसून सत्तेचेंहि काम आहे, हा धडा मांडव्यानें दिला. पुढें २००५ नंतर साऱ्या देशांत 'आशा' नांवाच्या ज्या सेविका दिसूं लागल्या, त्यांची कल्पना अशाच कांहीं प्रयोगांतून उगवली.

दुसरी हकीकत महाड तालुक्यांतील बिरवाडीची. १९७६ मध्यें डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतले तरुण डॉक्टर तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. कोंकणांतील लाल विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः मुलें, दगावत. दंश झालेल्या रोग्याच्या उशाशीं बसून त्यांनीं त्याची नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासानें टिपणें ठेवलीं. विंचवाच्या विषानें रक्तदाब एकदम चढतो, हृदय थकतें व फुफ्फुसांत पाणी भरतें, हा क्रम त्या टिपणांतून उलगडला. १९८२ मध्यें 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचा लेख आला, आणि प्राझोसिन हें रक्तदाबावरील साधें औषध दिल्यानें दंशाच्या गंभीर रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा चाळीसवरून एकाच्या आसपास उतरलें. २०२२ मध्यें सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. मोठी प्रयोगशाळा नव्हती, मोठा हुद्दा नव्हता. एक वही होती आणि जागरण होतें. लोकारोग्याचें काम म्हणजे मोजणें, लिहून ठेवणें व त्यावरून विचार करणें होय, हें बिरवाडीनें दाखविलें.

आतां आजच्या पदवीधराकडे वळूं. 'सार्वजनिक आरोग्यांतील पारंगत' ही पदवी या देशांत प्रथम १९९७ मध्यें त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्रांत सुरू झाली. पुढें मुंबईच्या टाटा समाज-विज्ञान संस्थेंत व इतरत्रहि असे अभ्यासक्रम निघाले. खुद्द नव्या पनवेलींत केंद्र सरकारच्या आरोग्य-प्रशिक्षण संस्थेचें ठाणें आहे. ही पदवी डॉक्टरांबरोबर परिचारिका, दंतवैद्य, आयुर्वेदाचे पदवीधर, समाजशास्त्राचे व संख्याशास्त्राचे विद्यार्थीहि घेऊं लागले. त्यांच्यासाठीं वाटा उघडल्या त्या अशा. २००४ पासून रोग-सर्वेक्षणाची राष्ट्रीय योजना आली व जिल्ह्याजिल्ह्यांत साथरोग-तज्ज्ञ नेमले गेले. २००५ मध्यें राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलें व कार्यक्रम-व्यवस्थापक, लेखनोंद पाहणारे, मूल्यमापन करणारे यांच्या जागा निघाल्या. याखेरीज स्वयंसेवी संस्था, संशोधन-संस्था, रुग्णालयांचें व्यवस्थापन, आरोग्य-विमा हीं क्षेत्रें आहेतच.

परंतु या वाटांवर एक मोठा खड्डा आहे. अभियानाच्या बहुतेक जागा करारावरच्या. अकरा महिन्यांची नेमणूक, एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हां नेमणूक. शंभर वर्षांपूर्वींच्या आरोग्य-निरीक्षकाचा पगार थोडा असला तरी जागा पक्की होती. आजच्या पदवीधराचें शिक्षण मोठें, पण जागा कच्ची. शिवाय जिल्ह्याच्या आरोग्य-अधिकाऱ्याच्या खुर्चीवर डॉक्टरच बसतो; डॉक्टर नसलेल्या पदवीधरानें कितीहि अभ्यास केला तरी त्याची वाट मध्येंच थांबते. म्हणजे १८६४ नंतरच्या शिडींत मधल्या पायऱ्या नव्हत्या. आज मधल्या पायऱ्या आहेत, पण त्या शिडीस खिळ्यांनीं ठोकलेल्या नाहींत.

हा दोष असाध्य आहे असें मात्र नाहीं. मद्रास प्रांतानें १९३९ मध्येंच लोकारोग्याचा स्वतंत्र कायदा केला, आणि तमिळनाडूंत रोग टाळणाऱ्या अधिकाऱ्यांची वेगळी सेवा टिकून राहिली. साथी व संकटें यांच्या वेळीं तिचा उपयोग वारंवार दिसून आला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य-धोरणानें सर्व राज्यांत अशी सेवा असावी असें म्हटलें, आणि २०२२ मध्यें केंद्र सरकारनें तिच्या रचनेचा आराखडा राज्यांपुढें ठेवला. त्या आराखड्यांत डॉक्टर नसलेल्या पदवीधरांसहि स्थान आहे. कागद तयार आहे. कागदावरून जागा निर्माण होणें हें राज्यांच्या मनावर अवलंबून आहे.

अशी सेवा कशासाठीं हवी, हें या किनाऱ्यानें २०२० मध्यें एकाच आठवड्यांत पाहिलें. कोविडची साथ चालू होती. मुंबईहून गांवीं परतलेल्या लोकांची नोंद, तपासणी व विलगीकरण चाललें होतें. १८९७ मध्यें ज्या बंदरांतून भयभीत माणसें उतरलीं, त्याच बाजूनें पुन्हां माणसें येत होतीं. तोंच ३ जून रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर येऊन आदळलें. छपरें उडालीं, वीज गेली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. एकमेकांपासून दूर राहा असें ज्यांना सांगितलें होतें, त्यांना एका शाळेंत गोळा करणें भाग पडलें. अशा वेळीं पाणी कोठलें द्यावें, ताप कोणास आहे, क्षयाच्या व मधुमेहाच्या रोग्यांचीं औषधें कोणाच्या घरीं भिजलीं, हें जाणणारा माणूस वादळाच्या दिवशीं जाहिरात देऊन मिळत नाहीं. तो आधींपासून त्या मुलखांत असावा लागतो, आणि गांवें त्यास ओळखत असावीं लागतात.

तेव्हां अलिबागच्या किंवा पेणच्या घरांत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येतें. नोकरी आहे, कालच्यापेक्षां अधिक प्रकारची आहे. आंकडे जाणणाऱ्या, फिरण्यास न कंटाळणाऱ्या, लोकांची भाषा बोलणाऱ्या तरुणास काम मिळतें. परंतु त्यानें डॉक्टरच्या मिळकतीशीं तुलना करून या वाटेस येऊं नये, आणि केवळ प्रमाणपत्राच्या भरंवशावरहि येऊं नये. संख्याशास्त्र, सर्वेक्षण किंवा व्यवस्थापन यांपैकीं एखादी विद्या त्यानें पक्की हस्तगत करावी, म्हणजे एक करार संपला तरी दुसरें दार उघडतें. आणि हा उपदेश जितका मुलांना, तितकाच समाजालाहि हवा. आजाऱ्यास बरें करणाऱ्याची फी आपण हातीं देतो, कारण दुखणें आपणांस दिसतें. न आलेलें दुखणें दिसत नाहीं, म्हणून तें येऊं न देणाऱ्याचें वेतन साऱ्या समाजानें मिळून, नियमानें व कायमचें द्यावें लागतें. होडी घेऊन खाड्या ओलांडणाऱ्या देवी-डॉक्टरास तें पुरतें मिळालें नाहीं. भिंतीवर खूण करून जाणाऱ्या मलेरियावाल्यासहि साथ ओसरतांच विसर पडला. त्यांच्या जागीं आज उभ्या राहिलेल्या शिकलेल्या मुलामुलींना अकरा महिन्यांच्या कागदावर न ठेवतां पक्क्या जागेवर बसविणें, एवढें तरी या किनाऱ्यानें आपल्या दोन शतकांच्या अनुभवावरून मागून घ्यावें.